दहा लाखांत दहा

टोकियो, आराकावा
रविवार, २७ जुलै २०२५

ती. दादास,

सावाकोचा नमस्कार.

खोकं परवा संध्याकाळी पोचलं. काकड्या, वांगी, मक्याची कणसं आणि इकुएवहिनींनी वाळवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या. एकही काकडी मोडली नव्हती. एकीचं डोकं दुसरीच्या पायाशी अशा तू त्या रचतोस, बाबा रचायचे तशा. चिठ्ठी मात्र नव्हती. मी तळाचं वर्तमानपत्रसुद्धा उलटून पाहिलं. तुमच्या कानुमात ट्रॅक्टरच्या टायरांवर सूट आहे, एवढंच कळलं.

तिकडे उकाडा कसा आहे? इथे सकाळी आठलाच बाल्कनीचा कठडा हात लावू देत नाही. शाळेला सुट्टी लागली, म्हणून आमचं स्वयंपाकघरही बंद. सहाशे पोरांचं सूप ढवळायची सवय लागलेली मी, घरी एकटीचा भात लावायचा म्हटलं की माप चुकतं. रोज उरतो. मग मी त्याचे गोळे करून गोठवते आणि ते खायचे विसरते. फ्रीजमध्ये आता दुसरं काही मावत नाही, त्यामुळे तुझ्या काकड्या बादलीत पाण्यावर ठेवल्यात.

तुझी कापणी ऐन भरात असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळून तू उकळत्या पाण्याच्या हौदाशी उभा असशील आणि भांगेच्या पेंढ्या बुचकळून काढत असशील. पंचाहत्तरीला टेकलास, पण पेंढ्या उचलायला माणूस ठेवणार नाहीस. वहिनींना सांग, तुझ्या पाठीला रोज मलम लावायचं. तू नको म्हणशील. तरी लावायचं. तुझी पाठ नीट राहायला हवी, ते का ते पुढे लिहीन.

वहिनींचा गुडघा कसा आहे? आणि त्यांचा तो लंगडा बोका? अजून तुझ्याच गादीवर झोपतो का?

माझं म्हणशील तर मी ठीक आहे. नाक अजून आलेलं नाही. करोनात गेलं ते गेलंच. शाळेत माझ्या पातेल्याचा वास घ्यायला एक तरुण पोरगी ठेवलीय. ती झाकण उघडते, हुंगते आणि मला मान हलवून दाखवते. मी मीठ ग्रॅमवर मोजून घालते, चव तिला विचारते आणि स्वयंपाकीण मात्र मी म्हणवते. हसू नकोस.

एवढं लिहून झालं आणि आता पुढे काय लिहू म्हणून मी उठून चहा करून आले. फेब्रुवारीपासून मी तुला फोन केला नाही, तूही केला नाहीस. बरं केलंस. केला असतास तर मी उचलला नसता.

या वर्षी ओबोन मी इथेच केला. टोकियोच्या रीतीने, जुलैत. तुम्ही गावाकडचे लोक ऑगस्टात पितरांना बोलावता, इथले महिनाभर आधीच बोलावून मोकळे होतात. इतकी वर्षं मी इथे राहते, पण जुलैत कधी काही केलं नव्हतं, कारण आपला ओबोन म्हणजे ऑगस्टातला, तुझ्या दाराशी. यंदा तुझ्या दाराशी यायचं नव्हतं, म्हणून सुपरबाजारातून सणकाड्यांची पुडी आणली, मातीची थाळी आणली आणि बाल्कनीत जाळ पेटवायला बसले. पहिली काडी पेटते न पेटते तोच इमारतीचे राखणदार दार वाजवत आले.

“अहो ताई, बाल्कनीत शेकोटी? भोंगा वाजला तर आठव्या मजल्यावरच्या आजींना जिन्याने खाली कोण आणणार? मी?”

“शेकोटी नाही ही. ओबोनचा जाळ आहे.”

“इतकी वर्षं तर कधी केला नव्हता तुम्ही.”

“इतकी वर्षं गरज नव्हती.”

तेवढ्यात त्यांचं लक्ष वर टांगलेल्या पांढऱ्या कंदिलाकडे गेलं. कोरा पांढरा कंदील माणूस गेल्यानंतरच्या पहिल्याच ओबोनला लागतो, ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी टोपी काढली, खाली जाऊन पाण्याची बादली घेऊन आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. म्हणाले, “पेटवा. मी बघतो.”

पेटवल्या. पण दादा, त्या काड्या कसल्या रे! बोटाएवढ्या तुकड्यांत कापलेल्या, पिवळट, पुडीच्या मागे बारीक अक्षरात ‘परदेशी माल’. तुझ्याकडच्या पांढऱ्याशुभ्र, हातभर लांब, फुंकर मारली तर आरपार जाणाऱ्या. वाख सोलून झाला की तू त्या खळ्यात ओळीने उभ्या करायचास आणि इतोहा त्यातली एक घेऊन माझ्या कानात फुंकायची. सरबत प्यायचं तर तिला त्याच काडीने प्यायचं असायचं. या पुडीतल्या काड्या क्षणभर भडकल्या आणि राख झाल्या. धुराचा वास मला आला नाही, येणारही नव्हता. मी बराच वेळ बसून राहिले. राखणदारही बसले, तापलेल्या फरशीने त्यांच्या चपला गरम झाल्या तरी.

ती आली नाही.

कसं कळलं ते मला विचारू नकोस. माझी पोर घरात आहे की नाही हे मला एकोणीस वर्षं न बघता कळत होतं. दुसऱ्या खोलीत तिचा श्वास बदलला तरी हातातलं भांडं खाली ठेवून मी धावायची. त्या दिवशी जाळ केला, दिवा लावला, तिच्या आवडीच्या गोड अंडापोळीचा तुकडा ताटात ठेवला, आणि घर होतं तसं रिकामंच राहिलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

नोव्हेंबरात मी तुझ्याकडे आले होते ते आठवतंय ना? तू खळ्यात वाख सोलत बसला होतास. मी त्या तेल विकणाऱ्या कंपनीचं पत्र तुझ्यापुढे धरलं. बारा डिसेंबरपासून नवा कायदा. भांगेच्या तेलात नशेचा अंश दहा लाख भागांत दहा भागांपर्यंत चालेल, त्याच्या वर गेला की ते तेल नाही, अमली पदार्थ. आणि आमच्या बाटल्या ज्या घाण्यातल्या, त्या तपासणीत निघाल्या बारा. ‘कृपया अकरा तारखेपर्यंत नष्ट करा, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

“दोन भाग रे दादा,” मी म्हटलं. “दहा लाखांत दोन! पोरीला त्या तेलाने वर्षभर फिटचा झटका आलेला नाही.”

“तेलानेच, असं डॉक्टर म्हणाले?”

“डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. तेलाने असेल, वयाने असेल, नव्या गोळीने असेल. पण मला सांगता येतं.”

तू वाख सोलायचा थांबला नाहीस. “दोन काय आणि दोनशे काय. रेषेच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच विचारतात ते. दरसाल येतात, शेंडे कापून नेतात, तपासतात. कुंपणाची एक तार सैल दिसली तरी टिपून घेतात. देवळाच्या दोरासाठी पिकवतो म्हणून चालू दिलंय आपल्याला, साऱ्या पंचक्रोशीत बोटावर मोजण्याइतकी घरं उरलीत. आणि तू घटस्फोटानंतर आपलंच आडनाव लावतेस. उद्या पेपरात आलं तर काय येईल? ‘भांग पिकवणाऱ्याच्या बहिणीकडे अमली तेल सापडलं.’ दोन भाग जास्त होते, असं कुणी छापणार नाही.”

“मग मी काय करू?”

“टाकून दे. दहा म्हणजे दहा. आणि मला सांगायलाच नको होतंस. आता मला माहीत झालं.”

मग तू मला बसथांब्यापर्यंत सोडायला उतरलास. हातात मुळ्यांची जुडी दिलीस. बस येईपर्यंत आपण दोघंही त्या मुळ्यांकडेच बघत होतो.

घरी आले ती धुमसत. जेवताना मी तुझी नक्कल केली. नाक फुगवून, मान खाली घालून, ‘दहा म्हणजे दहा!’ इतोहा इतकी हसली की तिच्या नाकातून सूप आलं. हसता हसता मधेच थांबली आणि म्हणाली, “मामाचं शेत खरंच जाईल?” मी म्हटलं, “जाऊ दे गेलं तर!” ते मी रागाने बोलले. पण तिला राग तसा कळायचाच नाही, तुला माहीत आहे. तिला सांगितलेलं प्रत्येक वाक्य तिला खरंच वाटायचं. लहानपणी मी ‘जीव खाल्लास माझा’ म्हटलं तर ती रडत यायची आणि परत घे म्हणायची.

तेल मी टाकलं नाही, दादा.

तुला वाटलं मी तुझं ऐकलं. सगळ्यांनाच तसं वाटलं. डॉक्टरांनाही मी सांगितलं की बंद केलं, फेकून दिलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहून घेतलं. मी दोन्ही बाटल्या पिशवीत बांधून कोंड्यात मुरवायच्या लोणच्याच्या मडक्यात तळाशी पुरल्या, वर मुळे. तुझेच मुळे. रोज सकाळी कोपरापर्यंत हात घालून एक बाटली काढायची, पुसायची, इतोहाच्या जिभेखाली तीन थेंब सोडायचे, परत पुरायची. आयुष्यात लाल दिवा असताना रस्ता ओलांडला नाही मी. मिठाचा एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आणि रोज सकाळी स्वतःच्या स्वयंपाकघरात गुन्हा करत होते. आणि खरं सांगू? मला त्याचा अभिमान वाटत होता. जगातल्या सगळ्या पोलिसांनी यावं, मी माझ्या पोरीला तीन थेंब देणार.

इतोहा रोज तोंड उघडायची, थेंब घ्यायची आणि म्हणायची, “आज छान होतं हं, आई.” मी म्हणायची, तेल ते तेल, त्यात छान काय.

जानेवारीत झटके परत सुरू झाले. मला वाटलं थंडी आहे, झोप कमी झाली. मी तीनाचे पाच थेंब केले, पाचाचे सात. डॉक्टरांना तेलाबद्दल काही सांगू शकत नव्हते, कारण ते बंद असल्याचं मीच सांगितलेलं. त्यांनी गोळी बदलली. आणि फेब्रुवारीतली ती सकाळ तुला माहीतच आहे. मी उठवायला गेले, एवढंच लिहिते. दुसऱ्या खोलीतला श्वास बदललेला मला त्या रात्री कळला नाही. मी झोपले होते.

मग अंत्यविधीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला जे बोलले ते बोलले. ‘तुझ्या कुंपणात रानभर उभी आहे आणि माझ्या पोरीला तीन थेंब मिळू दिले नाहीस!’ तेल तर मी देतच होते. पण ते मला कुणाला सांगता येत नव्हतं, आणि ओरडायला कुणीतरी हवं होतं. तू कंबरेत वाकलास आणि तसाच राहिलास. नंतर सगळे गेल्यावर तू एकट्याने खुर्च्या एकावर एक रचल्यास. मी दारातून बघत होते. तुला पाणीसुद्धा विचारलं नाही.

(सोमवार)

काल इथवर लिहून थांबले.

जाळ केला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुवाबाराबाई आल्या. इतोहा ज्या कार्यशाळेत कामाला जायची तिथे या तळणीवर असतात. इतोहाला तळणीजवळ जाऊ देत नसत, ती डोनट साखरेत घोळवायची, आणि बाईंशी तिची गट्टी. साठीच्या आहेत, मोठ्याने बोलतात, आल्या आल्या माझ्या फ्रीजमधले भाताचे गोळे बघून मला रागावल्या. मग फोटोपुढे बसल्या, हात जोडले. फोटोपाशी मी ती बाटली ठेवली होती. लोणच्यातून काढून, बाहेरून स्वच्छ धुऊन. का ठेवली? तिच्या जिभेवर रोज जे ठेवत आले ते दुसरीकडे कुठे ठेवणार होते? आता मला पकडून नेलं तरी हरकत नव्हती.

बाईंनी ती सहज उचलली, झाकण उघडलं, नाकाशी नेली आणि हसल्या. “हे काय, आमचं तेल कशाला ठेवलंय? हिच्या आवडीचं म्हणून?”

“तुमचं कसलं?”

“डोनटचं हो. तळणीतलं. वास येतोय की साखरेचा.” मग माझं तोंड बघून त्यांनी थेंब बोटावर घेतला, चोळला, परत हुंगला. “अहो खरंच. तांदळाच्या कोंड्याचं तेल. रोज नाकात जातं माझ्या, मी चुकेन का?”

मी दुसरी बाटली आणली. तीही तीच.

बाईंनी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. मग त्या एकेक आठवून सांगायला लागल्या. डिसेंबरात इतोहाने त्यांच्याकडे तळणीतलं गाळलेलं तेल मागितलं होतं, छोट्या डबीत. घरी काहीतरी करून बघायचंय म्हणाली. आणि त्याच दिवशी विचारलं होतं, “थोडंसं तेल टाकायचं असेल तर कसं टाकतात?” बाईंनी सांगितलं, मोरीत ओतायचं नाही. दुधाच्या रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबायचं, त्यात ओतायचं, पेट घेऊ नये म्हणून थोडं पाणी घालायचं, तोंड चिकटपट्टीने बंद करायचं, आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी ठेवायचं. इतोहाने ते दोनदा म्हणून दाखवलं.

“आणि मग विचारते कशी,” बाई म्हणाल्या, “‘घरात चुकून बेकायदा काही असलं, तर घरातल्या सगळ्यांना नेतात का?’ मी म्हटलं, काय गं, बंदूक ठेवलीस का घरात? तर म्हणाली, ‘नाही. मामाचं शेत आहे.’ मला वाटलं पोरगी टीव्हीवर काहीतरी बघून आलीय. हसले मी. देवा, हसले मी!”

अकरा डिसेंबर, बुधवार. आमचा जळणाऱ्या कचऱ्याचा दिवस. मला आठवतं, त्या सकाळी ती म्हणाली, “आज कचरा मी नेते.” मी म्हटलं, शहाणी झालीस. खिडकीतून बघितलं, तर दुधाचा खोका पिशवीतून बाहेर काढून तिने त्याचं तोंड तपासलं, परत ठेवला, वर जाळी नीट ओढली कावळ्यांसाठी. कागदावर सांगितलं होतं अकरा तारखेपर्यंत नष्ट करा, तिने अकरा तारखेलाच केलं. एक दिवससुद्धा उशीर नाही. आपल्या घराण्याची पोर.

आणि मी रिकाम्या नाकाने तिला दोन महिने तळणीचं तेल पाजत राहिले. तीन थेंब, पाच थेंब, सात. ती तोंड उघडायची आणि ‘छान होतं’ म्हणायची, कारण ते खरंच छान लागत असेल. डोनटची चव. डॉक्टरांशी मी खोटं बोलले असं मला वाटत होतं. बंद केलं म्हटलं होतं ना? ते खरंच निघालं. मी रोज जो गुन्हा करत होते तो कधी झालाच नाही. आता कुणाला मला पकडायचं असेल तर खाद्यतेल बाळगलं म्हणून पकडावं लागेल.

तिला झटका येईल हे तिला कळत होतं का? होतं, दादा. मेंदूत वीज चमकायची तिच्या, पण ती बुद्धू नव्हती. तिने हिशोब केला असणार की झटका आला तर काय, जमिनीवर पडायचं, जीभ चावायची, उठायचं, आई आहेच. आईला नेलं तर मात्र आई नाही. आणि मामाचं शेत गेलं तर मामा नाही. तिच्या लेखी ते तसंच होतं. तुझ्या शेताशिवाय तू तिला कधी दिसलाच नव्हतास. झटक्याने माणूस उठतच नाही असंही होतं, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. घाबरेल म्हणून.

हे तुला का लिहिते आहे ते मला नीट सांगता येत नाही. बाई गेल्यावर पहिले काही दिवस वाटलं, तुला हे कधीच कळू द्यायचं नाही. मग वाटलं, फोन करून ओरडून सांगावं, बघ, तुझं शेत वाचवलं तिने, खूश? मग एकदा भाताचा गोळा गरम करताना वाटलं, या पोरीने काय केलं हे आपल्या दोघांखेरीज कुणाला कळणार? बाई आहेत, पण बाई परक्या. तिचा बाप तर अंत्यविधीलाही घड्याळ बघत होता. तिच्यासाठी माझ्याबरोबर रडेल असा माणूस मला एकच आठवतो, आणि त्याच्याशीच मी बोलत नाही.

तू दोषी आहेस का? मला माहीत नाही. कधी सकाळी वाटतं, आहेस. तू दहा म्हणजे दहा म्हणालास, मी ते घरी आणून ताटात वाढलं आणि तिने ते खाल्लं. ज्याने दहाचा आकडा लिहिला त्याला इतोहा नावाची कुणी आहे हेच माहीत नसणार. त्याने कुठलं तरी कोष्टक बघून लिहिला असेल, योग्यच असेल तो आकडा, कुणाच्या तरी पोराला वाचवतही असेल. मी त्याच्यावर रागवायचा खूप प्रयत्न केला. त्याला तोंडच नाही. तुला आहे. म्हणून सगळं तुझ्या वाट्याला आलं.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. माफी मागत नाही, असंही नाही. पाणी विचारलं नाही, त्याची मागते.

आता कामाचं. जुलैत ती का आली नाही ते माझ्या शुक्रवारी लक्षात आलं, तुझं खोकं उघडताना. ओबोनला पितरांच्या वाटेसाठी तू काड्यांचे पाय खोचून ज्यांचे घोडे करतोस, त्या काकड्या बघितल्या आणि एकदम हसूच आलं. तिला जुलै माहीतच नाही रे! जन्मात तिने जुलैचा ओबोन पाहिला नाही. तिचा ओबोन म्हणजे ऑगस्टची तेरा तारीख, तुझ्या दाराशी, तू पेटवलेला सणकाड्यांचा जाळ, आणि त्याच्यावरून तीनदा ओलांडायचं म्हणजे वर्षभर आजार होत नाही. तिला आगीजवळ सोडायचं नाही म्हणून तू तिला पाठीवर घ्यायचास. सहा वर्षांची होती तेव्हापासून. गेल्या वर्षीसुद्धा घेतलंस, चांगली घोडी झाली होती ती, तिसऱ्या खेपेला तुझे पाय लटपटले आणि वहिनी किंचाळल्या. ती तुझ्या कानात ओरडत होती, “मामा, पुढच्या वर्षी मी तुला उचलीन!”

तर ती तेरा तारखेला तुझ्या दाराशी येणार. इथे मी हजार काड्या जाळल्या तरी ती येणार नाही. तिला पत्ता तोच माहीत आहे. आणि ती येईल तेव्हा दाराशी मी नसले तर तिला वाटेल, आई कुठे, नेलं की काय आईला? म्हणून मला यायला हवं. तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही असं मी त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते मी मोडते. एवढं सगळं पाळलं, एक गोष्ट मोडायला हरकत नाही.

आणखी एक. तिच्या अस्थी अजून माझ्याकडेच आहेत. एकोणपन्नासाव्या दिवशी गावच्या थडग्यात ठेवायच्या होत्या, बाबा-आईंच्या शेजारी. मी ठेवल्या नाहीत, कारण ते थडगं तुझ्या शेताच्या वरच्या अंगाला आहे. रोज सकाळी कलश पुसते आणि बोलते. आता तिला घेऊनच येते. चादरीत बांधीन, गाडीत मांडीवर घेईन, खिडकीशी बसवीन.

वहिनींना सांग, माझं अंथरूण इतोहा झोपायची त्या खोलीत घाला. जाळाच्या काड्या यंदाच्या कापणीतल्या हव्यात, ओल्या असल्या तर आतापासून वाळत घाल. कापू नकोस, हातभर लांबच ठेव. त्यांना कुणी मर्यादा घातलेली नाही, मी विचारून घेतलंय. हे पत्र वाचून झालं की हौदाखालच्या जाळात टाक.

तेरा तारखेला दुपारच्या बसने येते. बसथांब्यापासून तुझ्या घरापर्यंतचा चढ मी आजवर हजारदा चढले, पण यंदा तिला घेऊन मला एकटीला चढवणार नाही. तू खाली ये. टोपी नको, छत्री नको, मुळे नकोत. नुसता ये, आणि मी बसमधून उतरले की काही बोलू नकोस. पाठ फिरवून खाली वाक, तिला पाठीवर घे, आणि घरी चल.

इतोहाची आई,
सावाको